कोंडाईचा ओटा

माळसोंड गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या अलीकडे काळा कातळ आहे. कातळाच्या कडेला मातीचा उंचवटा, त्याला लागून एकच माणूस बसेल एवढा दगडी ओटा, आणि ओट्यासमोर कातळातच तीन जागा, पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेल्या. आसपास झाड नाही. लावलं नाही असं नव्हे, लावू दिलं नाही. पाहुणा आला की म्हणतो, वा, कुणा साधूची समाधी दिसते, आणि हात जोडतो. गावातल्या जुन्या माणसांना याचाच राग येतो. साधू कसला आलाय? माती वाजंत्र्याची आहे, ओटा त्याच्या बायकोचा आहे, आणि त्या तीन जागा ज्यांच्या आहेत त्यांना हात जोडण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही.

फार पिढ्यांपूर्वीची गोष्ट सांगतात. गावात सटवा नावाचा सनईवाला होता. घर गावकुसाबाहेर, पण गावात जेवढे म्हणून देव होते तेवढ्यांना हा लागायचा. पहाटे भैरोबाला जागं करायला सटवा. गुरुवारी पिराच्या दर्ग्यात सटवा. जैनांच्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, अभिषेक असला की तिथंही सटवाच. तिन्हीकडे तो पायरीच्या खाली उभा राहून वाजवायचा. त्याचा सूर आत गाभाऱ्यापर्यंत जायचा, त्याला स्वतःला तेवढी पायरी चढायची बंदी. असं चाळीस वर्षं चाललं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याची बायको कोंडाई. सनईच्या तोंडाशी गवताची बारीक पाती असते. ती नसेल तर सनई म्हणजे नुसतं लाकडाचं नळकांडं. ती पाती कोंडाई करायची. ओढ्याकाठचं गवत कोणत्या महिन्यात कापायचं, किती दिवस सावलीत ठेवायचं, दोरा किती आवळायचा, हे एकट्या तिलाच ठाऊक. सटवा चेष्टेने म्हणायचा, फुंक माझी, पण जीभ हिची. आणि जीभ तिला होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्या साली चैत्रात तिन्ही उत्सव लागून आले. पहिल्या दिवशी बस्तीचा रथ, दुसऱ्या दिवशी पिराचा संदल, तिसऱ्या दिवशी भैरोबाची पालखी. सटवाच्या अंगात आठवडाभर ताप मुरला होता. सनईला गालात वारा धरून नाकाने श्वास ओढावा लागतो, सूर तुटू द्यायचा नसतो. तापल्या छातीला ते कसं झेपावं? कोंडाई आधी बस्तीच्या उपाध्यांकडे गेली. म्हणाली, मालक, यंदा दुसरा कुणी बघा. उपाध्ये म्हणाले, आमचं तेवढं होऊ दे. मग ती दर्ग्याच्या मुजावराकडे गेली. तोही म्हणाला, आमचं तेवढं होऊ दे. भैरोबाच्या भटजींकडे गेली, तर ते म्हणाले, दोघांचं करता आणि आमच्याच देवाला नाही म्हणता? तिघांची नावं गावाला पाठ आहेत, पण घेत नाहीत. घरं अजून नांदती आहेत, लेकरंबाळं आहेत.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पालखी देवळाच्या पायरीशी आली आणि सटवा वाजवता वाजवताच खाली बसला. बसला तो गेलाच. सूर थांबला तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं म्हणे, काय झालं रे, का थांबलं? सांगितलं, सनईवाला पडला. मग पायरीवर पाणी शिंपडलं, पालखी जराशी बाजूने वळवून आत नेली, आणि सटवाच्या भावाला सांगितलं, आता तू वाजव. भावाने वाजवलं. काय करील बापडा?

कोंडाईने नवऱ्याला कातळावर आणलं. वाजंत्र्याच्या घरचं एक दुखणं असतं. सगळ्यांच्या कार्याला हे वाजवतात, यांच्या मयताला वाजवणार कोण? तिला वाजंत्री नकोच होती. तिला एवढंच हवं होतं, की ज्या देवांसाठी हा माणूस फुंकून फुंकून रिकामा झाला, त्यांच्यातल्या कुणा एकाचे तरी चार शब्द त्याच्या कानावर पडावेत. मुक्यानेच मातीत जाऊ नये.

ती पुन्हा तीच तीन दारं फिरली. उपाध्ये म्हणाले, तुमच्या घरात कातडं असतं, आमचा मंत्र तिथं कसा म्हणावा? त्याच कातड्याचा ढोल रथापुढे दोन दिवस आधी वाजला होता. मुजावर म्हणाला, तो आमच्यातला नव्हता, त्याच्यावर दुवा कशी पढू? भटजी तर दारातूनच म्हणाले, मंत्र तुमच्या कानी पडायचे नसतात. मग पहाटे पायरीखाली उभं राहून चाळीस वर्षं त्याच्या कानी काय पडत होतं?

कोंडाईने सटवाला तसंच मुक्याने मातीत ठेवलं आणि ती घरी आली. घरातल्या सगळ्या सनयांच्या तोंडच्या पात्या उपसल्या, पोतडीत वर्षभराच्या करून ठेवलेल्या पात्या होत्या त्या काढल्या, आणि संध्याकाळी पालखी पुन्हा बाहेर निघायच्या वेळेला देवळापुढे येऊन उभी राहिली. एकेक पाती तोंडात घालून तिने चावली आणि पायरीवर थुंकली. माणसं बघत राहिली, पुढे व्हायची कुणाची छाती झाली नाही. मग ती म्हणाली, "त्येनं चाळीस वरसं तुमच्या देवांसाठी फुंकलं. तुमास्नी त्याच्यासाठी चार सबुद जड झाले. आता माझ्या धन्याच्या मातीपुढं तुमी तिघं उभं ऱ्हाऊन म्हणंपातुर या गावात देवाचं नाव सुरात निघायचं न्हाई."

बाई दुःखात आहे, बोलणारच, असं म्हणून लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून सनईवाला बोलावला. ओढा ओलांडताच त्याची पाती चिरली. दुसरी लावली, तीही चिरली. तो हात जोडून परत गेला. पण खरी गंमत पुढेच. भटजी पहाटे भैरोबापुढे उभे राहिले आणि घशातून नुसता वारा आला. मुजावराने दर्ग्यात दुवेला हात उचलले, ओठ हलले, आवाज नाही. बस्तीत तेच. आणि असं सांगतात, की घसा बसला म्हणावं तर तसंही नाही. बाजारात शेंगांचा भाव पाडायला तिघांनाही खणखणीत आवाज होता. बायकोवर खेकसायला होता. देवापुढे उभं राहिलं की तेवढा बंद.

वर्ष असं सरत आलं. लग्नं मुकी लागली. मग तिघांच्या वतीने पाटील नारळ आणि नवं लुगडं घेऊन कोंडाईकडे गेले. तिने नारळ ओढ्यात सोडला आणि लुगडं रेडकाच्या पाठीवर घातलं. महिन्याने निरोप आला, की आपापल्या जागी राहूनच, कातळाकडे तोंड करून म्हणतो. ती म्हणाली, "तो तुमच्या दारी येत हुता. तुमी त्याच्या दारी या. पायताण न घालता या."

शेवटी आले. चैत्रच होता, दुपारच होती, कातळ तव्यासारखा तापला होता. कोंडाई मातीला टेकून दगडावर बसली होती. तिघे आल्याबरोबर आधी कुणी म्हणायचं यावरून त्यांच्यात लागली. वर्षभर तोंड बंद होतं तरी खोड गेली नव्हती. कोंडाई म्हणाली, "ज्यानं आधी न्हाई म्हटलं, त्यानं आधी म्हणायचं. बाकीच्यांनी हलायचं न्हाई."

उपाध्यांनी णमोकार सुरू केला आणि आवाज फुटला. मग मुजावराने फातिहा पढली. मग भटजींनी मंत्र म्हटले, त्या बाईच्या कानी पडतील असे, मोठ्याने. शेजारी शेजारी घरं असून एकमेकांचं पुरतं त्यांनी त्याच दिवशी ऐकलं. पाय भाजत होते, पण कुणी पाय उचलला नाही.

कोंडाई ऐकत होती. तिला वाटलं होतं, ऐकलं की छातीतला जाळ विझेल. तो विझला नाही, उलट भडकला. कारण तिघांचंही म्हणणं गोड होतं. इतकं गोड, की सटवा असता तर त्याने डोळे मिटले असते. एवढं गोड जवळ असून, ते मेल्या माणसाला द्यायला या तिघांना वर्ष लागलं, आणि तेही स्वतःचा घसा अडला म्हणून. तिला रडू आलं ते रागाचं.

म्हणून झाल्यावर तिघांनी हात जोडले. भटजी म्हणाले, "बाई, आता मनातून काढ."

ती म्हणाली, "फुडल्या चैत्रात या."

ते पुढल्या चैत्रात आले. तिने तेच सांगितलं. ती गेल्यावर तिची सून ओट्यावर बसली, मग नातसून.

आजही चैत्रात, पालखीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या तीन घरांतले तिघे अनवाणी कातळावर उभे राहतात. आधी णमोकार, मग फातिहा, मग मंत्र. हा क्रम कुणी बदलत नाही. वाजंत्र्याच्या घरातली थोरली बाई ओट्यावर बसते आणि त्या दिवशी त्या घरचं कुणीही वाजवत नाही, सगळे बसून ऐकतात. मध्यंतरी सरपंचांनी वर पत्र्याची शेड घालायचं काढलं होतं, म्हातारे भटजी उन्हात उभे राहतात म्हणून. हल्लीची थोरली बाई, बायजाक्का, लोखंडी खांब उतरवायला आलेल्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, आमच्या माणसाला कुणी सावली केली नव्हती. गाडी परत गेली.

म्हणून झालं की तिघे हात जोडतात आणि त्यांच्यातला वडीलधारा विचारतो, आक्का, आता तरी मनातून गेलं का? एवढ्या पिढ्या झाल्या, दरवर्षी विचारतात. बायजाक्का तिघांच्या पायांकडे बघते, पुढल्या चैत्रात या म्हणते, आणि लुगडं झटकून घरी भाकरी टाकायला जाते.