दार आवळून धरणारी गाडी

गाड्या आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका कारखान्याने राजेशाही गाडीचा पहिला नमुना बनवला आणि चाचणीसाठी लांबच्या प्रवासाला धाडला. खड्ड्यांतून जाताना गाडीचं मागचं दार खडखडू लागलं. पण चाचणी घेणारे दिघेकाका कान देऊन ऐकू लागले, की गाडी दार घट्ट आवळून धरायची.

“अगं, खडखडू दे की. त्यासाठीच तर पाठवलंय आपल्याला,” डिकीतली स्टेपनी म्हणाली.

“तू गप्प पड. खानदानी गाड्या कण्हत नाहीत.”

दिघेकाकांनी परतल्यावर गाडी निर्दोष ठरवली. तिला हार घातला गेला.

पुढे कारखान्याच्या फाटकातून तिच्यासारख्याच नव्या गाड्या रांगेने खडखडत बाहेर पडल्या. तिला पाहून म्हणाल्या, “आई, दार बघ ना आमचं.”

“घे,” स्टेपनी म्हणाली, “आता आवळ सगळ्यांची.”