प्रश्न झाकून पैकीच्या पैकी

माहिती कशी शोधावी, खरीखोटी कशी पारखावी, यावरचा पेपर प्राचार्य घारपुऱ्यांनी स्वतः काढला होता. अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी!

"मुलं तयार झाली. आता तुमचा तास बंद," त्यांनी हा विषय शिकवणाऱ्या ग्रंथपाल रेवतीबाईंना ऐटीत सुनावलं.

बाईंनी घारपुऱ्यांच्या कपाटातला पुढच्या परीक्षेचा सीलबंद पेपर मागितला. पट्टीने एकेक प्रश्न झाकत, नुसते पर्याय बघून त्यांनी भराभर खुणा केल्या. घारपुऱ्यांनी उत्तरं ताडून पाहिली. एकही चूक नाही!

"पेपर फोडला कुणी?" ते किंचाळले.

"तुम्हीच, सर. बरोबर उत्तर तुम्ही दर वेळी सगळ्यांत लांबलचक लिहिता. मुलांनी अभ्यास केलाय, पण तो तुमचा!"