सारवणावरची बोटे

"आणि तिने खाल्ले का?"

कृष्णाक्कांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

दमयंतीने मान ताठ केली. "आक्का, सांगितले ना. पहाटे दूध दिले. नंतर तूप घालून मुगाची खिचडी दिली. खजूर दिला. बाळंतिणीला जे जे द्यावे असे शास्त्र सांगते, ते सर्व दिले."

"तू काय दिलेस ते कळले. तिने काय खाल्ले?"

…



घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर कृष्णाक्कांचा मठ होता. त्याला ना कळस, ना पताका. जाड भिंतींची एक उबदार खोली मात्र होती, आणि पंचक्रोशीतल्या बायका बाळंतपणासाठी तेथे विश्वासाने येत. आक्का पोथी कमी सांगत, पाणी अधिक तापवत.

दमयंती ही त्यांची शिष्या. शास्त्रीबुवांची लेक. अकाली वैधव्य आले आणि ती मठात आली. पुढे आक्कांनीच तिला शहरात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले. ती परतली तेव्हा अंगावर पांढरेशुभ्र पातळ होते, हातात विद्या होती, आणि चालणे असे होते की दारातली माणसे आपोआप बाजूला सरत.

आदल्या दिवशी मेंढरांचा कळप घाट उतरत असताना हौसा नावाच्या धनगराच्या सुनेला वाटेतच कळा सुरू झाल्या. दमयंतीने तिची सुटका केली. मुलगी झाली. हात सफाईचा, काम निर्दोष. आक्कांनीही तसे बोलून दाखविले.

घोटाळा झाला तो त्यानंतर.

हौसेची सासू ठकूबाई हिने मठाच्या अंगणात तीन दगड मांडले, जाळ केला आणि बाजरीची भाकरी थापायला घेतली. धूर खोलीत शिरला. दमयंती तरातरा बाहेर आली आणि तिने पाण्याची घागर त्या जाळावर उपडी केली.

"धूर बाळाच्या छातीत जातो. आणि ही कोरडी भाकरी ओल्या बाळंतिणीला? येथे आमच्या स्वयंपाकघरातले सकस अन्न मिळते."

 वाफाळणाऱ्या दगडांकडे ठकूबाईने एकदा पाहिले. अर्धीकच्ची भाकरी पदरात घेतली आणि ती फाटकाबाहेर बाभळीखाली जाऊन बसली.

तेव्हापासून हौसेने अन्नाला हात लावला नव्हता. छाती कोरडी होती. पोर ओढून ओढून थकत होती, आणि तिचे रडणे आता बारीक होत चालले होते.

"हट्टी आहे, आक्का. म्हणते, पाचवी पुजेपर्यंत परक्या चुलीवरचे खायचे नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत आहे. मी सगळे समजावले. रक्त किती कमी आहे, दूध कशाचे बनते… भिंतीवर कोळशाने चित्र काढून दाखविले. ती हो म्हणते, हात जोडते आणि ताट भिंतीकडे सरकवते."

"मग तू काय केलेस?"

"मी बजावले, पोर दगावली तर पाप तुझ्या माथी."

आक्कांनी डोळे मिटले.

…

"आता आपणच सांगावे," दमयंती म्हणाली. "आपला शब्द ती मोडणार नाही."

आक्का उठल्या. त्या बाळंतिणीच्या खोलीकडे वळतील असे दमयंतीला वाटले. त्या गोठ्याकडे वळल्या. शेणाचे घमेले उचलले, आणि विहिरीमागच्या चिंचेखाली गेल्या.

तेथे एक जुनी, ओसाड चूल होती. चुलीला जोडलेल्या वैलाची कड ढासळली होती, आत पाचोळा साचला होता.

दमयंतीची पावले अडखळली. ती चूल तिचीच होती.

मठात आली त्या दिवशी तिला पंगतीत पान वाढले होते. रांधणारे हात कोणत्या जातीचे, ते तिने विचारले, आणि उत्तर ऐकून ती भरल्या पानावरून उठली. दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. त्यानंतरच्या सकाळी चिंचेखाली नवी चूल घातलेली होती, शेजारी शिधा आणि कोरी भांडी होती. शास्त्र्यांच्या लेकीचा मान ठेवला, इतकेच तिला वाटले. मान ठेवायचाच असतो.

ती चूल रोज पहाटे सारवलेली असे. कोणी सारवली ते तिने कधी विचारले नाही. असेल कोणी सेवेकरीण. परक्या हाताचे सारवण मात्र तिला चालत नसे. म्हणून ती ताजे शेण घेई, ते सारवण पुसून काढी आणि आपल्या हाताने पुन्हा सारवी. आक्का समोरच्या ओट्यावर जप करीत बसलेल्या असत.

पुढे ती आपण होऊन पंगतीत बसू लागली. आपण मठावर केवढा उपकार केला, असे तिला आजवर मनातून वाटत आले होते.

आक्कांनी पाचोळा काढला. ढासळलेली कड मातीने लिंपली. मग शेणाचा गोळा घेऊन चुलीवरून हात फिरवला.

ओल्या शेणावर बोटे उमटली. एक रेघ. मग मोकळी जागा. मग दोन रेघा.

आक्कांच्या उजव्या हाताचे मधले बोट तरुणपणीच विळ्याने गेले होते. ते सर्वांना ठाऊक होते. दमयंतीलाही.

आणि ही रेघ, ही मोकळी जागा, या दोन रेघा… याही तिला ठाऊक होत्या. रोज पहाटे तिने त्या पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या आणि पुसल्या होत्या. आक्कांच्या डोळ्यांदेखत.

…

धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले.  ती खाली पाहू लागली, तर तेथेही तीच बोटे.

"आक्का…"

"ठकूबाईला बोलाव," आक्का म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

फाटकापर्यंतची वाट दमयंती रोज झपाझप चालत असे. आज ती वाट सरेना.

ठकूबाईने तिला येताना पाहिले आणि पाय पसरून ऐसपैस बसली.

"या, नर्सबाई. घागर कुठाय? पर हितं जाळ न्हाई बरं का. पानी वाया जाईल."

दमयंतीने ते गिळले. "ठकूबाई, आत चला. चूल सारवली आहे."

"कुनी?"

"आक्कांनी."

"आन् पानी वतून वल्ली कोन करनार? तुमी?"

"…नाही. मी फाटे आणून देईन."

ठकूबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. मग पिठाची मोटली उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

चिंचेखाली येऊन तिने पहिल्यांदा वारा पाहिला. धूर नदीकडे जात होता, खोलीकडे नाही. मग तिने चूल पाहिली.

"कुनाची ही?"

"माझी होती," दमयंती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मंग परकीच की वो बाई."

दमयंतीच्या हातातले फाटे तसेच राहिले. खोलीतून पोरीचे रडणे आले, आले आणि मध्येच तुटले.

ठकूबाईनेही ते ऐकले. ती खाली वाकली आणि तिने सारवणाला बोट लावून पाहिले. ओले होते.

"ताजं हाय," ती म्हणाली. "आमच्यात म्हन्त्यात, वल्ल्या सारवनाला धनी नसतो. पयला जाळ घालील, त्याची चूल."

दमयंती जाळ घालायला वाकलीच होती. तिने हात मागे घेतला आणि फाटे ठकूबाईच्या पुढे धरले. दोन्ही हातांनी धरले.

ठकूबाईने ते घेतले. जाळ घातला.

ठकूबाई पिठात पाणी ओतणार, तेवढ्यात दमयंती पुन्हा बोलली. हा प्रश्न तिने आयुष्यात कोणत्याही रुग्णाच्या माणसाला विचारला नव्हता. "तुमच्या रीतीत… आमच्या गाईचे दूध चालेल का? नुसते. न तापवलेले. पीठ त्यात मळता येईल. आणि उरलेले तुम्हीच या चुलीवर तापवून तिला पाजा. उकळी मात्र नीट येऊ द्या."

ठकूबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला. "धारंचं दूध कुनाच्या चुलीवरचं आसतंय वो? गाईच्या सडाखाली काय जाळ लावत्यात? आना की! लोनीबी आना, ताकातलं. त्येला कुठं चूल लागती?"

"म्हणजे हे… कालही चालले असते?"

"काल तुमी इचारलं न्हाई. काल तुमी चित्र काढत हुता."

दमयंतीने पदराने तोंड पुसले. तोंडाला काही लागलेले नव्हते.

दुधात मळलेली भाकरी झाली. वर लोण्याचा गोळा ठेवून ठकूबाई ती घेऊन खोलीत गेली. दमयंती उंबऱ्याबाहेरच थांबली. आत जाण्याचा तिचा धीर झाला नाही. भिंतीवरचे ते कोळशाचे चित्र तिला दारातूनही दिसत होते.

"खा गं माजे बाय," ठकूबाई आत म्हणत होती. "आपल्याच चुलीवरची हाय."

नंतर बोलणे थांबले. भाकरी मोडल्याचा आवाज आला. चावल्याचा आला. बराच वेळ तेवढाच आवाज येत राहिला. मग हौसेने दूध मागितले. तापवलेले, फुंकर घालून घालून पिण्याचे.

दुपार कलली तेव्हा पोर पुन्हा छातीशी धरली गेली. आधी ती रडली. मग ओढू लागली. आणि मग एकाएकी आतला आवाज बदलला… कोरडे चोखणे थांबून घुटके ऐकू येऊ लागले.

दमयंती भिंतीला टेकली.

आक्का विहिरीवर होत्या. नखांत अडकलेले शेण काडीने काढीत होत्या. दमयंती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. पाय धरण्याइतकीही आपली योग्यता उरली नाही, असे तिला वाटत होते.

"आक्का, ते सारवण… मी रोज पुसत असे."

"हो."

"आपण पाहत होता."

"हो."

"आणि तरी दुसऱ्या पहाटे पुन्हा…" तिने चिंचेकडे पाहिले.  "एका शब्दाने बोलला नाहीत. मी इतकी चुकत होते. मला तेव्हाच समजावले का नाहीत?"

आक्कांनी हात धुतले. ओले हात पदराला पुसले. विहिरीपलीकडे जुन्या चुलीचा धूर नदीकडे सावकाश निघाला होता. तो त्या पाहत राहिल्या.

…

"तू भुकेली होतीस, दमयंती."