क्षितिजापुरती जागा

कोरियाच्या किनाऱ्यावरील एका गावी एक वृद्ध चित्रकार राहत असत. त्यांच्या चित्रांत माणसे नसत, झाडे नसत. असत ते केवळ चौकोन आणि रेषा. युन्सो नावाची एक तरुणी त्यांच्याकडे शिकत होती. एका वादळात गावची मासेमारीची होडी बुडाली आणि तिच्यावरचे कोणीच परतले नाही. त्यांत युन्सोचा धाकटा भाऊही होता.

गावाच्या सभागृहासाठी स्मृतिचित्र काढण्याचे काम युन्सोकडे आले. सारा हिवाळा ती राबली. उसळत्या लाटा, कलंडलेली होडी, टोकाशी उभा भाऊ. त्याच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा तिने सोडला नाही. चित्र पाहायला आई आली, दारातच थबकली आणि परत फिरली.

दुसऱ्या सकाळी युन्सो आली, तेव्हा गुरुजी रुंद कुंचल्याने त्याच चित्रावर रंग चढवत होते. खाली गडद निळा आयत, वर फिकट राखाडी. होडी केव्हाच नाहीशी झाली होती. भावाचा चेहरा तेवढा उरला होता.

"गुरुजी, हे काय केलंत? माझा भाऊ दुसऱ्यांदा बुडवलात तुम्ही!"

"रागाव, मुली. तुझा हक्कच आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुझ्या चित्रात खोट नव्हती; पण ते वादळाचं चित्र होतं. वादळ तुझ्या आईला दाखवायला नको, ती ते रोज पाहते. शिवाय त्या होडीवर इतरांचीही मुलं होती. त्यांच्या आयांनी कुठे पाहायचं? समुद्र आणि आकाश जिथे मिळतात, त्या रेषेकडे डोळे लावून इथल्या बायका आयुष्यभर बसल्या. होड्या तिथूनच परत यायच्या. तेवढी जागा आपण मोकळी ठेवू. तिथून कोणाला येताना पाहायचं, ते ज्याचं त्याला ठरवू दे."

त्यांनी कुंचला तिच्यापुढे धरला. "चेहरा मात्र मी झाकणार नाही. तो तुझा आहे."

युन्सोने कुंचला घेतला. भावाच्या चेहऱ्यावरून तिने स्वतःच रंग फिरवला आणि निळ्या-राखाडीच्या मधली रेषा ओढली. चेहरा होता, त्या ठिकाणी रेषा किंचित वाकली. ती सरळ करू लागली, तर गुरुजी म्हणाले, "राहू दे."

चित्र सभागृहात लागले. आई आली आणि या वेळी समोर बसली. त्या रेषेकडे पाहत शेजारणीला म्हणाली, "मासे कमी मिळाले ना, की हा लांबूनच टोपी हलवायचा. आधीच माफी मागून ठेवायचा लबाड!" आणि ती हसली. वादळानंतर प्रथमच ती मुलाविषयी बोलत होती. शेजारीणही डोळे पुसत आपल्या मुलाचे काहीबाही सांगू लागली.

युन्सो दाराशी उभी राहून ऐकत होती. टोपीची ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती.