बकुळेचं विरजण आणि नदीपलीकडचं विद्यापीठ

झुळझुळी नावाची एक नदी होती. सकाळी निळी, दुपारी हिरवी, आणि ऊन तिरपं झालं की चमचम चांदीची. तिच्या या काठाला अलीकडपूर, त्या काठाला पलीकडपूर. काठ दोन, राज्यं दोन, झेंडे दोन. नदीला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली दोघांच्या घाटांवर सारखीच खळखळायची.

अलीकडपूरला बकुळा राहायची. घरात ती, तिची आई सगुणा आणि कपिली नावाची गाय. बकुळेला परकर एकच. तो संध्याकाळी धुवायचा आणि सकाळी ओलसरच नेसायचा. भाकऱ्या दोन, माणसं दोन, तरी आई म्हणायची, "आज मला भूकच नाही गं." रोज भूक नाही म्हणे! बकुळेला का कळत नव्हतं? ती गुपचूप आपली अर्धी भाकरी आईच्या ताटात सरकवायची.

सगुणाबाईंच्या घरी पैसा नव्हता, पण विरजण होतं. काय सांगू त्याची गोडी! त्या विरजणाचं चमचाभर दही दुधात घातलं की सकाळी कवडीसारखं घट्ट, पांढरंशुभ्र, गोडसर दही लागायचं. पलीकडपूरला तसं दही लागेचना. म्हणून रोज सकाळी नाव भरून लोक वाट्या घेऊन यायचे. सगुणाबाई सगळ्यांच्या वाट्यांत चमचा चमचा घालायच्या, आणि एक छदाम घ्यायच्या नाहीत.

"विरजण मागितलं की द्यायचं," त्या म्हणायच्या. "त्याला मोल नसतं आणि ते दिल्यानं संपत नाही."

बकुळेला झाडांचं वेड होतं. वाकलेल्या रोपाला काठी बांध, किडक्या पानावर राख टाक, असं तिचं दिवसभर चालायचं. गावच्या चिंचा वाळत चालल्या होत्या. का, ते कुणालाच कळत नव्हतं. झाडांचं वैद्यक शिकवणारं विद्यापीठ एकच होतं, तेही पलीकडपूरला. आमच्या अलीकडपूरच्या राजाला पतंगांचा शौक, शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत! मग लेकरानं जायचं कुठे?

बकुळेनं गावच्या वैद्यबुवांची जुनी पुस्तकं वाचून पलीकडपूरची परीक्षा दिली. आणि काय सांगू, पहिली आली! तिला सोनेरी अक्षरांचं, गुलाबी फितीचं पत्र आलं. आईनं डाळीच्या डब्यातून बारा मोहरा काढल्या. बकुळा जन्मली तेव्हापासून एकेक करून साठवलेल्या होत्या त्या. मायलेकी नावेत बसून निघाल्या.

विद्यापीठाच्या संगमरवरी कमानीवर लिहिलं होतं, 'प्रजेचं विद्यापीठ. सर्वांचं स्वागत असो.' कमानीखाली खिडकी, आणि खिडकीत दाजीबा कारकून. कानावर पेन, नाकावर चष्मा.

"गाव?" त्यानं विचारलं.

"अलीकडपूर," बकुळा आनंदानं म्हणाली.

दाजीबानं वहीचं पान उलटलं. वहीत दोन रकाने होते. "इथल्या मुलांना फी दहा मोहरा. नदीपलीकडच्यांना शंभर."

सगुणाबाईंचा चेहरा पडला. "अहो दादा, पोरगी पहिली आलीय हो!"

"हो, हो, त्याचं कौतुक आहे ना! म्हणून तर ही शिष्यवृत्ती," असं म्हणून दाजीबानं एक रेशमी थैली पुढे केली. थैली केवढी मोठी, जरीची, मोत्यांच्या गोंड्यांची. आत मोहरा किती? दोन! आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा.

"शंभर का हो काका?" बकुळेनं विचारलं. "मी दहापट जागा अडवणार आहे का?"

"नियम आहे. पौर्णिमेला दुपारची घंटा होईपर्यंत पैसे भर, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला जाईल." आणि खिडकी धाडकन बंद झाली.

आता तुम्हीच सांगा रे बाळांनो, याला काय म्हणायचं? फुलपाखरू नदी ओलांडून आलं तर मोगरा त्याच्याकडे दहापट मध मागतो का? माझं तर सांगतानाच डोकं तापतं!

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बकुळा नदीकाठच्या बनातून चालली होती. हातात विरजणाचं बोळकं होतं. आदल्या रात्री मांजरानं घरातलं दही सांडलं होतं, म्हणून मावशीकडे दिलेलं आपलंच विरजण ती परत घेऊन येत होती. घरादाराचं, गावाचं, पलीकडच्यांचं सगळं विरजण आता त्या इवल्याशा बोळक्यात होतं. इतक्यात तापलेल्या वाळूवर काहीतरी लुकलुकलं.

ती एक परी होती. करंगळीएवढी! अंगात जांभळा झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीवर दोन पारदर्शक पंख. पण पंख उन्हानं पोळून लालेलाल झाले होते, आणि ती बिचारी मुळूमुळू रडत होती.

"अगं बाई गं! किती भाजलंय," बकुळा कळवळली. पोळल्यावर थंडगार दही लावायचं हे तिला ठाऊक होतं. पण दही लावलं तर विरजण जाणार! तिनं क्षणभर बोळक्याकडे पाहिलं आणि मग बोटानं हळूहळू सगळं दही त्या चिमुकल्या पंखांना लावलं. बोळकं पार रिकामं झालं.

पंखांचा लालपणा उतरला. त्यातून आधी मोरपंखी, मग केशरी, मग रुपेरी झळाळी निघाली. परी टुणकन उठून बोळक्याच्या काठावर बसली.

"पंख दोन वाचवलेस, म्हणून वर दोन देते," ती गोड आवाजात म्हणाली. "पण नियम आहेत हं!"

"तुझ्याकडेही नियम!" बकुळा कपाळावर हात मारून म्हणाली.

"आहेत बाई. मोहरा मागायच्या नाहीत, जादूच्या मोहरांची तिसऱ्या दिवशी वाळकी पानं होतात. कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि माझी जादू या काठच्या झऱ्याची आहे, ती नदीपलीकडे मला नेता येत नाही."

"परी झालीस तरी तुलाही हद्द आहेच का गं?" बकुळेला राग आला आणि परीची कीवही आली. "बरं. पहिला वर दे. माझं बोळकं पुन्हा भरू दे. सकाळी लोक वाट्या घेऊन येतील."

"वेडे, तुझ्या विद्यापीठासाठी काही माग की!"

"आईनं आजवर कुणाला रिकाम्या वाटीनं पाठवलेलं नाही. आधी ते."

परीनं पंख फडफडवले आणि बोळकं काठोकाठ भरलं. बकुळा त्या दह्याकडे बघत विचार करू लागली. उद्या विद्यापीठात मुलं आत घ्यायचा दिवस. शुभ कामाला निघताना हातावर दहीसाखर देतात ना, तशी तिथे सगळ्यांच्या हातावर दहीसाखर द्यायची रीत होती. आधी पलीकडपूरच्या राणीसाहेब, मग कुलगुरू, मग बाकीचे. आणि ते दही कुठल्या विरजणाचं? हिच्याच आईच्या! पलीकडचे लोक स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं घेऊन जायचे ते.

बकुळेचे डोळे चमकले. "परीताई, दुसरा वर. या विरजणाचं दही जो उद्या खाईल, त्याच्या मनात असलेलं आणि ओठांशी अडलेलं खरं बाहेर पडू दे. खरं बोलल्यानं कुणाचं वाईट होतं का?"

परीनं जरा विचार केला. "जड जातं. पण वाईट होत नाही." आणि तिनं बोळक्यावर चिमूटभर सोनेरी धूळ भुरभुरवली.

मावशीकडून यायला इतका उशीर का झाला ते बकुळेनं घरी सांगितलं तेव्हा आई आधी रागावली, मग म्हणाली, "पण विरजण द्यायचं हं सगळ्यांना." त्याच दुपारी पलीकडपूरच्या विद्यापीठाचा आचारी मोठी चरवी घेऊन आला. सगुणाबाईंनी त्याला नेहमीसारखंच, फुकटच, विरजण दिलं.

पौर्णिमा उजाडली. विद्यापीठाच्या बागेत झेंडूची तोरणं, रंगीत कारंजी, कुलगुरूंसाठी चांदीच्या कड्यांचा नवा कोरा झोपाळा. बकुळा आणि तिची आई कठड्याबाहेर उभ्या होत्या. पदराच्या गाठीत चौदा मोहरा होत्या. घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता.

राणीसाहेबांनी दहीसाखर चाटली. "अहाहा!" त्या म्हणाल्या, आणि पुढचे शब्द आपोआप बाहेर पडले. "हे दही आम्ही तीस वर्षं पलीकडून फुकट खातो आणि त्याचं साधं नावही घेत नाही."

लोक चपापले. कुलगुरूंनी घाईघाईनं चाटलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पलीकडच्या मुलांना शिकवायला एक मोहरसुद्धा जास्त लागत नाही. त्यांच्या नव्वद मोहरांतून मी हा झोपाळा केला." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण आता काय उपयोग? दाजीबा कारकून मान खाली घालून पुटपुटला, "नियम आहे, नियम आहे म्हणतो मी. नियम का आहे, ते मी आजवर कुणाला विचारलंच नाही."

एका चिमुरड्या मुलानं कठड्यातून हात काढून बकुळेच्या तळहातावरही दहीसाखर ठेवली. तिनं ती खाल्ली. मग तिलाही गप्प राहता येईना!

"मला राग आलाय!" ती मोठ्यानं म्हणाली. सगळी बाग वळून बघू लागली. "मला रडू येत नाही, राग येतो. पहिली आले तेव्हा तुम्ही माझं गाव विचारलं नाहीत, पैसे घेताना विचारलंत! माझी आई विरजण देताना कुणाचं गाव विचारत नाही. दिल्यानं ते संपत नाही. विद्या तरी संपते का? मला भीक नको. ती दोन मोहरांची थैली परत घ्या. जी फी सगळ्यांना, तीच मला लावा."

राणीसाहेब उठल्या, कठड्यापाशी आल्या आणि सगुणाबाईंना हात जोडून म्हणाल्या, "बाई, चूक आमची आहे. चमच्याचमच्यानं तुम्ही दिलंत, तेवढंही आमच्याकडून घडलं नाही." मग त्या वळल्या. "दाजीबा, वही आणा. रकाना एकच ठेवा. आणि झोपाळा विका, ज्यांच्याकडून जास्त घेतलं त्यांचे पैसे परत करा."

तेवढ्यात घंटेचा दोर हलला. बकुळा परकर सावरत खिडकीकडे धावली. आईनं पदराची गाठ सोडून थैलीतल्या दोन मोहरा परत द्यायला बाजूला ठेवल्या आणि फीच्या दहा मोजल्या. दोन उरल्या, त्या बकुळेनं आईच्या मुठीत बंद केल्या.

"आता भूक नाही म्हणायचं नाही हं," ती दटावून म्हणाली.

घाटासमोर, अगदी नदीच्या मध्यावर, एका नावेच्या टोकाला काहीतरी लुकलुकत होतं. परी जिथपर्यंत येऊ शकत होती तिथपर्यंत आली होती. तिनं दोन्ही पंख उघडले. त्यांतून जांभळे, केशरी, रुपेरी किरण फुटले, पाण्यावर उधळले, आणि त्या उजेडात ती हसत हसत विरून गेली. उजेड मात्र दोन्ही काठांवर सारखाच पडला.

खिडकीत दाजीबानं चष्मा पुसला आणि पेन शाईत बुडवलं.

"गाव?" त्यानं विचारलं.

"अलीकडपूर," बकुळा ताठ मानेनं म्हणाली.

दाजीबानं गाव लिहिलं, आणि पान न उलटता म्हणाला, "ये बाळ, आत ये."