वैद्यबुवांचं नवं झाड

धुंडिराज वैद्यांचं पोट जेवढं मोठं, तेवढंच त्यातलं पित्त. सरदारांच्या आईसाहेबांचा खोकला त्यांच्या सोन्याच्या भस्माला हटला नाही आणि पत्रावळी लावणाऱ्या भिवरीच्या अडुळशाला हटला, तेव्हापासून ते पित्त खवळलेलंच होतं.

"सरकार, हिला झाडं ओळखता येत नाहीत. एखादे दिवशी विष पाजील!" भर सदरेत गरजून वैद्यांनी एक फांदी पुढे केली. "ओळख! चुकलीस तर पुन्हा रानात पाऊल टाकायचं नाही."

सरदारांनी मान डोलावली. भिवरीचं रान गेलं, तर चूलही गेली. फांदीला तीन-तीन जाड, गोल पानं होती, पांगाऱ्यासारखी पातळ, टोकदार नव्हेत, म्हणजे पळस. पण सालीवर काळे काटे, म्हणजे पांगारा! पळस म्हणावं तर वैद्य काटे दाखवणार, पांगारा म्हणावं तर पानं.

"काय गं, दातखीळ बसली?" वैद्य मिशीत हसले.

भिवरीनं देठाच्या बुडाशी बोट फिरवलं. बोट चिकटलं. उभ्या जन्मात पळसाचा देठ तिला असा चिकटला नव्हता.

"सरकार, फांदी कोमेजलीय बिचारी. घंगाळभर पाणी मागवा की."

तिनं फांदी पाण्यात बुडवून धरली. सदर श्वास रोखून बघत राहिली. वैद्यांना मात्र एकाएकी घरची आठवण झाली. हळूहळू डिंक सुटला आणि एकेक पान पाण्यावर तरंगू लागलं.

"फांदी पांगाऱ्याची, सरकार," भिवरी म्हणाली. "पळसाला पानं तीनच, हे वैद्यबुवांना ठाऊक आहे. पण पळसाची पानं पळसालाच लागतात, एवढं त्यांना कुणीतरी सांगा!"