केरबाची बेडी

सोनवडीच्या तुरुंगाचे अधीक्षक दाभोळेसाहेब नियमापुढं सख्ख्या बापालाही ओळखत नसत. त्याच तुरुंगात म्हातारा केरबा चौगुले हृदयविकाराच्या गोळ्यांवर तग धरून होता. त्याचं काळीज थकलं होतं, डोकं नाही.

केरबाची रवानगी दूर विदर्भातल्या तुरुंगात ठरली. सोबत जाणारा हवालदार दारात उभा राहिला, तेव्हा केरबानं वाटेपुरत्या गोळ्या मागितल्या.

"औषध या तुरुंगाचं आहे," साहेब म्हणाले. "इथली वस्तू फाटकाबाहेर जाणार नाही. तिथले डॉक्टर तपासून नवं देतील."

केरबानं वाद घातला नाही. त्यानं बेडी घातलेले हात पुढं केले.

"मग ही पण काढून ठेवा, साहेब. हीसुद्धा इथलीच."

"फार शहाणा आहेस. बेडी काढली तर वाटेत निसटशील."

"गोळी चुकली तरी वाटेतच निसटेन, साहेब," केरबा शांतपणे म्हणाला. "बेडी हातात तशीच राहील आणि मी गेलेलो असेन. तिथून मला धरून आणायला कुणाला पाठवणार, तेवढं आत्ताच ठरवा."

साहेबांची नजर आपोआप हवालदाराकडं वळली. हवालदार मात्र दारात नव्हता. तो गोळ्या आणायला केव्हाच दवाखान्याकडं निघाला होता.